आखाजीची कढई : खानदेशातील सणांच्या तळणीविषयी

महाराष्ट्रात तळणीचा सण कोणता असे विचारले, तर बहुतेकांच्या तोंडी दिवाळीच येईल. खानदेशात या प्रश्नाला दुसरेही उत्तर आहे, आखाजी. अक्षय्य तृतीयेचे हे इकडचे नाव. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या काठी या सणाचा मान दिवाळीहून तसूभरही कमी नाही. वैशाखाचा पारा ४२ ते ४५ अंशांवर गेलेला असतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत जळगाव-धुळ्याकडच्या घरांत कढया चढतात. सांजोऱ्या तळायच्या असतात.

ऐन उन्हाळ्यात तळणीला बसण्यामागे या मुलखाच्या शेतीचा आणि नात्यांचा हिशेब आहे. रब्बीचा गहू चैत्रात घरात येऊन पडलेला असतो. वर्षभराचे धान्य निवडून झालेले, शेत मोकळे, पेरणीला अवकाश. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला संपते आणि नवा करार त्याच दिवशी ठरतो. म्हणजे शेतकऱ्याचे जुने साल इथे मिटते. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात. गौराई मांडलेली असते, झाडांना झोके बांधलेले असतात आणि गाणी चालू असतात. मुलगी माहेरी आली की तिच्यासाठी काही गोडधोड व्हायलाच हवे आणि ती परत निघाली की शिदोरी द्यायलाच हवी. उन्हात एसटीने दिवसभर प्रवास करूनही जी विटणार नाही, अशी ती हवी.

आखाजीचा दुसरा धागा पितरांचा आहे. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. नव्या मातीच्या घागरीवर छोटे मडके, त्यावर खरबूज, आणि सोबत सांजोऱ्या व आंबे ठेवतात. उन्हाळ्यातले थंड पाणी, नदीच्या वाळूत पिकलेले फळ आणि नव्या गव्हाचे पक्वान्न असा तो नैवेद्य. एकच पदार्थ मेलेल्या पूर्वजांना आणि माहेरवाशिणीला सारख्याच मायेने वाढायचा, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतर भागांतल्या फराळाच्या डब्यात क्वचितच सापडते. खानदेशी तळणीची ओळख करून देताना सुरुवात सांजोरीपासून करण्याचे कारण हेच.

सांजोरी म्हणजे सांजा भरून तळलेली पुरी. तीच कुठे अर्धचंद्राकार मिटलेली असते, करंजीच्या घाटाची. रवा तुपात भाजून गुळाच्या पाण्यात शिजवला की सांजा होतो. देशावर त्याचीच पोळी करून तव्यावर भाजतात. खानदेशात ती तेलात किंवा तुपात जाते. घराघराप्रमाणे गूळ की साखर, वेलदोडा की जायफळ, खसखस घालायची की नाही, यांत फरक पडतो. खरा भेद मात्र सारणाच्या ओलाव्यात आहे. ओला सांजा भरलेली सांजोरी मऊ, खरपूस आणि चवीला सरस, पण दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. कोरडा भाजलेला रवा, पिठीसाखर आणि खोबरे भरलेली सांजोरी पंधरवडाभर टिकते. पानात वाढायची पहिली, शिदोरीला बांधायची दुसरी, अशी सोयीची वाटणी अनेक घरांत दिसते.

ओल्या सांजाची सांजोरी जमली, तर बाकीची तळण हातची समजावी. तिच्यात चुकायला जागा फार. पारीचे पीठ घट्ट भिजवावे लागते आणि त्यात कडकडीत मोहन घालावे लागते. गरम तेल किंवा तूप पिठाच्या कणांभोवती बसते, पाणी त्यांच्यापर्यंत पुरते पोचू देत नाही, म्हणून कणकेला चिवटपणा येत नाही आणि पारी खुसखुशीत होते. मोहन कमी पडले तर पारी वातड होते. जास्त झाले तर ती कढईतच विरघळू लागते. पीठ तासभर तरी मुरले पाहिजे, मग कुटून मऊ केले पाहिजे. सांजा पूर्ण निवलेला हवा. कोमट सारण भरले की त्याची वाफ पारी ओली करते आणि लाटताना ती फाटते. फट बारीक असली तरी पुरते. गूळ तिथून तेलात उतरतो, जळतो, तेल काळे पडते आणि पुढच्या सगळ्या घाण्यांना कडवट वास लागतो. म्हणूनच जाणती बाई शंका असलेली सांजोरी बाजूला काढून शेवटी तळते.

आचेचे गणितही असेच. पुरी कडक तेलात टाकतात, कारण तिला फुगायचे असते. सांजोरीला तशी आच चालत नाही. बाहेरचा पापुद्रा चटकन लाल झाला तर आतली बाजू कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी पारी मऊ पडते. आच अगदीच मंद असेल तर पारी तेल पिते. पिठाचा बारीकसा गोळा टाकला असता तो तळाशी क्षणभर थांबून सावकाश वर आला, तर तेल तयार आहे, ही जुनी खूण आजही पुरेशी आहे. सांजोरी वर आली की झाऱ्याने तिच्यावर तेल उडवायचे, एकदाच उलटायची, आणि बुडबुडे कमी झाले की काढायची. बुडबुडे म्हणजे आतले पाणी बाहेर पडते आहे. ते थांबत आले की टिकण्याइतका कोरडेपणा आला. थर्मामीटर नसलेल्या स्वयंपाकघरांनी हे निरीक्षण कानांनी आणि डोळ्यांनी केले आहे.

या एका पदार्थाभोवती खानदेशातली बाकीची गोड तळण उभी आहे. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, किसून गुळात शिजवायचा आणि त्यात मावेल तितके गव्हाचे पीठ घालून घाऱ्या करायच्या. पाण्याचा थेंबही न घालता केलेल्या घाऱ्या प्रवासात चार दिवस राहतात. गूळ आणि गव्हाच्या पिठाचे गुलगुले हा पावसाळ्यातला गरिबाश्रीमंताचा सारखाच खाऊ. त्याला ना लाटणे लागते, ना साचा. पुरणाचे तळलेले कडबू, शंकरपाळे, दिवाळीच्या करंज्या, जत्रेत पाटीवर रचून विकली जाणारी गुळाची शेव, ही सगळी याच घराण्यातली.

करंजीवरून मुलुख ओळखता येतो. कोकणात आणि गोव्यात ओल्या नारळाची करंजी आणि नेवरी गणपतीला होते, कारण माड दारात आहे. खानदेशात माड नाही. खोबरे बाहेरून, सुके होऊन येते, त्यामुळे सारणात त्याच्या जोडीला भाजलेला रवा भरपूर असतो. पश्चिम महाराष्ट्रात नवरात्रात कडाकण्या तळून देवीच्या घटावर त्यांची माळ बांधतात. सीमेपलीकडे गुजरातेत घुघरा आहे, उत्तरेत होळीची गुजिया. पिठाच्या पारीत गोड सारण मिटून तळण्याची रीत भारतभर आहे. सारण मात्र ज्याच्या त्याच्या शेताने ठरवले आहे.

अनारसा या सगळ्यांहून वेगळा आणि बहुधा सर्वांत अवघड. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवून दमट असतानाच कांडायचे, गुळात किंवा साखरेत कालवून पीठ ठेवून द्यायचे. त्या दिवसांत आंबण्याची जी हलकी क्रिया होते तिच्यामुळेच अनारशाला जाळी पडते. खसखशीवर थापून तो खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडतात आणि उलटत नाहीत. पीठ बिघडले की अनारसा कढईत पसरून विस्कटतो, त्याला अनारसा हसला म्हणतात. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे देण्याची प्रथा खानदेशातही आहे. त्यामुळे २०२३ च्या अधिक श्रावणात काय किंवा २०२६ च्या अधिक ज्येष्ठात काय, लेकीच्या आईची परीक्षा ठरलेली.

घरगुती कढईइतकीच हलवायाची कढई या प्रदेशात जुनी आहे, आणि तिचे माहेर बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तिथे होती. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर हा सुभा मोगलांकडे गेला. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी जाड, गडद तपकिरी आणि आतून मऊ असते, नेहमीच्या कुरकुरीत पिवळ्या जिलेबीशी तिचे फारसे साम्य नाही. रमजानच्या दिवसांत ती मुंबईच्या बाजारातही हमखास मिळते. जळगाव आणि धुळ्याच्या व्यापारी पेठांत मारवाडी व गुजराती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, त्यांच्यासोबत घेवर आणि घुघरे आले. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर मोहाच्या बियांचे तेल स्वयंपाकात वापरात होते. खानदेशी तळणीचा नकाशा काढायचा तर या सगळ्या वाटा दाखवाव्या लागतात. फक्त मराठी घरांची चूल दाखवून तो पुरा होत नाही.

इतिहास मागे नेला तर तो फार मागे जातो. ऋग्वेदात अपूप आहे, सुश्रुतसंहितेत घृतपूर आणि संयाव यांची नावे येतात. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि तळणीचे बारकावे त्यात नोंदले आहेत. सतराव्या शतकातल्या रघुनाथ पंडितांच्या ‘भोजनकुतूहला’त जिलेबीची कृती सापडते. मात्र हे ग्रंथ विद्वानांचे आणि राजदरबारचे. सर्वसामान्य घरातली बाई आखाजीला काय तळत होती, हे कोणी लिहून ठेवले नाही.

छापील मराठी पाककृती आल्या त्या मुंबई-पुण्याच्या वाटेने. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० चे. या पुस्तकांनी मराठी घरांवर मोठे उपकार केले आहेत. विशेषतः कमलाबाईंनी वाटी-चमच्याचे नेमके माप दिल्यामुळे माहेरापासून दूर संसार मांडलेल्या हजारो मुलींना हात मिळाला. त्याचा एक परिणाम असाही झाला की, पुण्या-मुंबईचा फराळ हाच महाराष्ट्राचा फराळ ठरला. खानदेशच्या वाट्याला वांग्याचे भरीत आणि शेवभाजी आली. गोडाच्या बाजूने या मुलखाची नोंद फारच तोकडी राहिली.

बहिणाबाई चौधरींची आठवण इथे अपरिहार्य आहे. आसोद्यात जन्मलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. घरोट, चूल, आखाजी हे त्यांच्या कवितेचे विषय. त्यांची गाणी घरच्या माणसांनी ऐकून उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. कोणी उतरवून घेतली नसती तर त्यांच्याबरोबरच ती गेली असती. त्यांच्याच पिढीतल्या, त्यांच्याच गावांतल्या बायकांचे स्वयंपाकाचे ज्ञान असे उतरवून घेणारे कोणी नव्हते. ते बरेचसे गेलेही आहे.

तळणीचा इतिहास हा पदार्थांइतकाच तेलाचा इतिहास आहे, आणि या बाबतीत खानदेश साऱ्या देशाच्या गोष्टीत मध्यभागी येतो. आधी घरचे तूप आणि लाकडी घाण्याचे तीळ-करडईचे तेल. विसाव्या शतकात भुईमुगाचे पीक पसरले आणि शेंगदाण्याचे तेल खानदेशी चवीचे अंगच बनले. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. भुईमूग पिकवणाऱ्या या पट्ट्यात वनस्पती तुपाचा कारखाना निघणे मग स्वाभाविकच होते. डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. शेंगदाणा गाळून वनस्पती आणि धुण्याचा साबण काढणाऱ्या या कंपनीची सूत्रे १९६६ मध्ये अझीम प्रेमजी यांच्याकडे आली, आणि तिचेच पुढे विप्रो झाले. संगणकाच्या व्यवसायाने जगभर गेलेल्या या नावाचा उगम बोरीकाठच्या तेलाच्या गाळपात आहे.

वनस्पती तुपाने तळण स्वस्त केली. ज्या घरांना साजूक तूप परवडत नव्हते त्यांच्याही साट्याच्या करंजीला पदर सुटू लागले, आणि ही गोष्ट कमी मोलाची मानू नये. त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयाचे नुकसान होते हे पुढे सिद्ध झाले. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. तोवर बाजारात सोयाबीन आणि पामतेल सर्वत्र झाले होते. एकाच कृतीने, एकाच हाताने केलेली सांजोरी शेंगदाणा तेलात आणि पामतेलात वेगळी लागते. आजी करायची तशी चव येत नाही, या तक्रारीचे पहिले कारण शोधायचे तर ते बहुतेक वेळा तेलाच्या डब्यात सापडते.

आज या विषयाची नोंद घेण्याची घाई का, हे सांगायला हवे. खानदेशातून रोजगारासाठी सुरतेला गेलेल्यांची वस्ती मोठी आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत अहिराणी सहज कानावर पडते. नाशिक, पुणे, कल्याणकडेही कुटुंबे पांगली. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नागपंचमीनंतरच्या रविवारी, ती मूळ गावी जमतात किंवा आपल्या शहरात देवी मांडतात, त्यामुळे तो सण टिकून आहे. आखाजीचे तसे नाही. लेक माहेरी आली तर आखाजी. रजा मिळाली नाही, मुलांचे क्लास आडवे आले, माहेर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत असले, की आखाजी आंबरस-पुरीवर आटोपते. शिवाय सांजोरी एकटीने करण्याचे काम नाही. एकीने लाटायचे, दुसरीने भरायचे, तिसरीने तळायचे, आणि आज तुझ्या घरी तर उद्या माझ्या, अशा फेऱ्यांनी ती होत असे. तो शेजार नसेल तर कृती ठाऊक असूनही पदार्थ होत नाही.

बचतगटांनी ही पोकळी काही प्रमाणात भरली आहे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर इथे फराळ करून विकणाऱ्या महिला आहेत आणि त्यांच्या हातात कसब आहे. त्यांना अडचण पडते ती प्रमाणाची आणि टिकाऊपणाची. घरासाठी ५० सांजोऱ्या करणे आणि मागणीनुसार २,००० करणे, यांत तेलाचा प्रश्न पूर्ण बदलतो. गूळ उतरलेले तेल पुन्हापुन्हा तापवले की ते बिघडते. जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरण्यास मनाई आहे. हा नियम किती छोट्या व्यावसायिकांपर्यंत पोचला आहे, हा काळजीचा भाग आहे. पारंपरिक पदार्थाबद्दल प्रेम असणाऱ्यांनी तेलाबद्दलही तितकेच दक्ष असले पाहिजे.

प्रस्तुत पुस्तक या साऱ्या पार्श्वभूमीवर उभे आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या घरांत सणांना जे गोड तळले जाते, ते ज्यांच्या हातून होते त्यांच्याकडून समजून घेऊन, वजनामापासह मांडणे एवढा त्याचा हेतू आहे. मूठ, ओंजळ, सव्वा वाटी ही मापे त्यात तशीच ठेवली आहेत आणि शेजारी ग्रॅम दिले आहेत. एका पदार्थाची एकच खरी कृती असते हे पुस्तकाने मानलेले नाही. रावेर-यावलकडच्या लेवा घरातली रीत आणि साक्री-शिंदखेड्याकडची अहिराणी घरातली रीत वेगळी निघाली, तर दोन्ही दिल्या आहेत. हलवायांच्या पदार्थांना घरगुती पदार्थांइतकीच जागा आहे. कृतीमागचे कारण सांगण्यावर भर आहे, कारण कारण कळले की चुकलेला घाणा सुधारता येतो.

काही गोष्टी पुस्तकाने जाणूनबुजून टाळल्या आहेत. तेलाशिवाय भाजलेल्या सांजोऱ्या किंवा बिनसाखरेचे अनारसे त्यात नाहीत. ज्यांना आरोग्यासाठी गोड-तळलेले वर्ज्य आहे त्यांनी ते वर्ज्यच ठेवावे, हे अधिक प्रामाणिक. सणाला दोन खाव्यात, त्या चांगल्या तेलात तळलेल्या असाव्यात, हा जुन्या घरांचा शिरस्ता होता आणि तो आजही धरायला हरकत नाही.

पुस्तक वापरताना एक विनंती. प्रत्येक कृतीखाली अर्धे पान कोरे सोडले आहे. आपल्या घरी सांजोरीत काय वेगळे पडते, कोणत्या सणाला आणि कोणासाठी ती होते, हे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून त्या जागेत लिहावे. पिठाचे माप तिला सांगता आले नाही तर तिच्यासमोर वजनकाटा ठेवावा, तिने मुठीने घेतलेले पीठ काट्यावर घालावे आणि आकडा टिपून घ्यावा. हे काम येत्या आखाजीच्या आधी करावे.